चप्पल कोल्हापुरी, कारागीर कोण?

२२ जून २०२५ रोजी मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे सादर केले. त्या कार्यक्रमात काही तरुणांच्या पायांत सपाट तळाची, अंगठा असलेली, टाच मोकळी सोडणारी चामड्याची चप्पल होती. कंपनीने तिचे वर्णन चामड्याचे सँडल एवढेच केले होते. कोल्हापूर, कापशी, निपाणी, अथणी या पट्ट्यातल्या माणसाला ती ओळखायला दुसऱ्यांदा पाहावे लागले नाही. चार-पाच दिवसांत गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. प्राडाचे लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी उत्तरात मान्य केले की या चपलेमागची प्रेरणा भारतातल्या शतकानुशतकांच्या हस्तकलेची आहे. जुलैच्या मध्यास कंपनीचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले. ११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत करार झाला. एका बाजूला प्राडा होती. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ होते. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरच्या चाळीस दुकानांत आणि ऑनलाइन सुमारे आठशे युरोंना, म्हणजे साधारण ८४ हजार रुपयांना विकायचे आणि तीन वर्षे कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे असे जाहीर झाले.

सहा महिन्यांत नावाचा मान परत मिळाला, कंपनी इथे आली, सह्या झाल्या. हे मोलाचेच आहे आणि ज्यांनी ते घडवून आणले त्यांचे कौतुक व्हायला हवे. पण या प्रकरणातून शिकायचे ते वेगळे आहे असे मला वाटते. कोल्हापुरी चपलेला खरा धोका मिलानमध्ये नव्हता. तो कातडे कमावणाऱ्या कुंडांपाशी, नगावर मजुरी घेणाऱ्या घरांत आणि आपल्या शहरांतल्या फुटपाथवर कितीतरी वर्षे आधीपासून होता. कायद्याने आपण चपलेच्या नावाला कुंपण घातले. चप्पल करणाऱ्या माणसाची नोंद, त्याचा कच्चा माल आणि त्याच्या कामाचा भाव तसाच उघड्यावर ठेवला. नावाची लढाई जिंकूनही ही कला हातातून जाऊ शकते, कारण नाव टिकवण्याची व्यवस्था आणि काम टिकवण्याची व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे पटण्यासाठी चप्पल जवळून पाहायला हवी. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, थरांवर थर ठेवून केलेला असतो. कारागीर रापीने कातडे कापतो, कडा तासतो, ठोकून सपाट करतो. मग आरीने भोके पाडून त्यांतून चामड्याची वादी ओवत शिवण घालतो. टाचही तशीच शिवून बसवतो. तळाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात ते कान. त्यांना पट्टा जोडला जातो आणि पुढे अंगठा बसतो. पट्ट्यावरची वेणी शेळीच्या मऊ कातड्याच्या बारीक पट्ट्यांची असते. ती घालणे, नक्षीची भोके पाडणे, गोंडे करणे ही कामे बहुतेक घरांत बायका करतात. शेवटी चपलेला तेल पाजतात. त्या तेलामुळे आणि पायाच्या घामामुळे चामडे हळूहळू मऊ होत जाते आणि घालणाऱ्याच्या पायाचा आकार घेते. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, पण एकदा पायाला बसली की वर्षानुवर्षे साथ देते. झिजली तर तिची शिवण उसवून तळ बदलता येतो. आजकाल दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूंबद्दल जगभर बोलले जाते. ही वस्तू मुळातच तशी घडवलेली आहे.

चप्पल शिवण्याच्या आधीचे काम तर आणखी लांबचे. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवायचे, केस काढायचे, आतले मांस खरवडायचे. नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते कमवायचे. कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीत कातडे शिवून त्याची पिशवी करत, ती टांगत आणि आत सालीचा अर्क भरत. तो अर्क कातड्यातून झिरपत राही, पुन्हा भरला जाई, पिशवी उलटी टांगली जाई. त्यातून चामड्याला तो मधासारखा रंग आणि कणखरपणा येतो. क्रोमियमचे क्षार वापरणाऱ्या कारखान्यात हेच काम एखाद-दोन दिवसांत उरकते. सालीने कमवायला काही आठवडे जातात. म्हणून ‘एक जोड करायला किती वेळ लागतो’ या प्रश्नाचे उत्तर शिवणाऱ्याच्या तासांत देणे अपुरे आहे. त्यात कमावणाऱ्याचे आठवडे धरावे लागतात, आणि नेमके तेच आपण किमतीत धरत नाही.

आता कायद्याकडे येऊ. भारताचा भौगोलिक निर्देशांकांचा कायदा १९९९ चा, तो २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली कोल्हापुरी चपलेची नोंद २०१८-१९ मध्ये झाली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे तिच्यात आहेत. सीमाप्रश्नावर ज्या दोन राज्यांचे अजून पटलेले नाही, त्यांची दोन महामंडळे या एका नोंदीची संयुक्त मालक आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या धंद्याने सीमा कधी मानलीच नाही. कापशीची चप्पल आणि अथणीची चप्पल एकाच परंपरेतली आहे. पण हा कायदा देतो काय? तो नावाला संरक्षण देतो. या जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली तर तो भंग. तीच चप्पल दुसऱ्या कुठल्याही नावाने विकली तर या कायद्याचा हात तिथवर पोहोचत नाही. प्राडाने ‘कोल्हापुरी’ हा शब्द वापरला असता तर ती कायद्याच्या दृष्टीने अधिक अडचणीत आली असती. न वापरल्यामुळे ती नैतिक अडचणीत आली. आकाराला संरक्षण देणारा कायदा वेगळा, २००० सालचा डिझाइन कायदा. तो केवळ नव्या आकारांची नोंद करतो, तीही जास्तीत जास्त पंधरा वर्षांसाठी. शेकडो वर्षे लोकांच्या पायांत असलेला आकार त्यात बसतच नाही.

प्राडावरून गदारोळ उठला त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली होती. प्राडाने कारागिरांची माफी मागावी, भरपाई द्यावी अशी मागणी तिच्यात होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण असे की याचिकाकर्ते या निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक नव्हते. दाद मागायची तर मालकाने मागावी. कायद्याच्या अंगाने हा निकाल सरळ आहे. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. कोल्हापुरीचा हक्क दोन सरकारी महामंडळांच्या कपाटात आहे. कारागिराचा हक्क त्याच नोंदवहीच्या दुसऱ्या भागात आहे, तोही त्याने स्वतः अर्ज करून ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव घातले तरच. नोंदवहीच्या पहिल्या भागात वस्तू आणि तिचे मालक येतात. दुसऱ्या भागात ती वस्तू प्रत्यक्ष करणारे. आपण पहिला भाग भरला की समारंभ करतो, पेढे वाटतो आणि दुसऱ्या भागाकडे पाहत नाही. २०२० मध्ये केंद्राने या दुसऱ्या नोंदणीचे शुल्क पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणले. तेव्हा अडचण पैशाची उरलेली नाही. नोंदणी केल्याने उद्याच्या मजुरीत काय फरक पडेल हे कारागिराला कोणी दाखवत नाही, ही अडचण आहे. आणि वेणी घालणाऱ्या बाईचे नाव तर या चर्चेत येतच नाही, कारण तिचे काम घरकामातच जमा धरले जाते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. कला कोणाच्या मालकीची नसते, आकार एका देशातून दुसऱ्या देशात जातच आले आहेत, मग प्राडावर राग कशाला? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. कोल्हापुरी स्वतः बदलत आली आहे. कापशीची जाड, वजनदार, चालताना करकरणारी चप्पल आणि शहरातल्या मुलींची नाजूक रंगीत चप्पल यांत बरेच अंतर आहे. सत्तरच्या दशकात ती अमेरिकेतल्या तरुणांच्या पायांतही पोहोचली होती, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. परंतु आकार फिरणे वेगळे आणि आकाराचा उगम पुसून त्याला शंभरपट किंमत लावणे वेगळे. ज्याच्याकडे जगभर दुकाने आहेत त्याचे नाव वस्तूवर छापले जाते. ज्याने ती घडवली त्याच्याकडे नाव छापायची जागाच नसते. हा फक्त भारताचा अनुभव नाही. २०१४ मध्ये पॉल स्मिथ या ब्रिटिश डिझायनरने पेशावरी चपलेसारखी चप्पल ‘रॉबर्ट’ नावाने विकायला काढली आणि पाकिस्तानातून ओरड झाल्यावर वर्णनात पेशावरीचा उल्लेख घातला. ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासला मेक्सिकोतल्या ओआखाका भागातल्या पादत्राणांवरून केलेल्या चपलेबद्दल माफी मागावी लागली. सगळीकडे क्रम तोच: आधी ओरड, मग उल्लेख किंवा माफी. उल्लेख करण्याची सक्ती करणारा आंतरराष्ट्रीय कायदा अजून नाही. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत एक करार झाला, पण तो जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानापुरता आहे. विणकाम, चर्मकाम, चित्रकला यांतून व्यक्त होणारा लोकांचा वारसा त्याच्या बाहेरच राहिला.

दुसरा आक्षेप आशावाद्यांचा आहे. प्राडा आली म्हणजे आता कारागिरांचे दिवस पालटतील असे ते म्हणतात. थोडा हिशेब करू. एक कारागीर दिवसाला एकच जोड करतो आणि वर्षात तीनशे दिवस काम करतो असे धरले, तरी दोन हजार जोड म्हणजे सात जणांचे एका वर्षाचे काम. आठ जिल्ह्यांतल्या चर्मकारांचे पोट एवढ्यावर भरणार नाही. या कराराचे मोल जोडांच्या संख्येत शोधू नये. ते असलेच तर प्रशिक्षणात, दर्जाच्या सवयीत आणि आपल्या कामाची किंमत जगात काय होऊ शकते हे कारागिराने पाहण्यात आहे. आणि एका मोठ्या ग्राहकावर विसंबणे किती धोक्याचे असते याचा धडा स्कॉटलंडमधल्या हॅरिस ट्वीडने देऊन ठेवला आहे.

आऊटर हेब्रिडीज बेटांवरचे लोक घरातल्या मागावर हे लोकरीचे कापड विणतात. त्यांनी १९१० मध्येच गोलावरच्या क्रॉसची खूण नोंदवली. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा केला: लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड बेटवासीयाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेले हवे. तपासनीस कापड पाहतो आणि मगच शिक्का बसतो. २००४ मध्ये नायकेने बुटांसाठी हे कापड मागवले, तेव्हा कित्येक थांबलेले माग पुन्हा चालू झाले. ती मागणी आली, कारण खात्रीने सांगता येईल असा शिक्का आणि त्यामागे माग चालवणाऱ्यांची यादी होती. पण पुढची गोष्टही तितकीच बोलकी आहे. २००६ च्या अखेरीस बेटावरची मुख्य गिरणी एका कापड व्यावसायिकाने विकत घेतली आणि हजारो नमुन्यांवरून केवळ चारच चालू ठेवले. विणकर बसून राहिले. धंदा सावरला तो दुसऱ्या गावातली बंद पडलेली गिरणी वेगळ्या लोकांनी पुन्हा चालू केली तेव्हा. शिक्का होता म्हणून कापडाचे नाव वाचले. विणकरांचे पोट एका माणसाच्या मर्जीवर राहिले होते तोवर शिक्क्याचा त्यांना उपयोग झाला नाही. कोल्हापुरीसाठी यातले दोन्ही धडे हवेत: आधी खात्रीचा शिक्का, आणि मग एकापेक्षा अधिक दारे.

सगळ्यांत अवघड प्रश्न कातड्याचा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. कोल्हापुरात कातडे कमावणारे हात कमी होत गेले आणि आज बरेचसे चामडे तमिळनाडूहून येते. यामागे एकच कारण नाही. कमावण्याच्या कामाला पाणी लागते, सांडपाण्याचे नियम आहेत, त्यांची पूर्तता करणारी यंत्रणा छोट्या कुंडवाल्याला परवडत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. म्हशीचे कातडे त्या कायद्यात येत नाही. पण रस्त्यात गाडी अडवली गेली तर हे कातडे म्हशीचेच आहे हे तिथल्या तिथे सिद्ध करणे वाहतूकदाराला जड जाते. कायद्याने ज्याला हात लावलेला नाही त्या मालालाही भीतीने हात लावला. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. अशा घटनेनंतर कोणत्या बापाने मुलाला या कामात घालावे?

यातूनच तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर आहे. हा धंदा जातीने लादलेला होता. ढोर समाजाने कातडे कमवायचे आणि चर्मकार समाजाने ते शिवायचे, ही वाटणी त्यांनी निवडलेली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकात दलितांना मेलेली जनावरे ओढण्याचे काम टाकून द्यायला सांगितले, ते या कामाशी बांधलेल्या अपमानातून सुटण्यासाठी. मग आज शहरातल्या सुशिक्षितांनी वारशाच्या नावाखाली याच घरांतल्या मुलांनी रापी धरावी असा आग्रह का धरावा? या आक्षेपाला टाळून कोल्हापुरीवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझे उत्तर असे आहे की कोणीही आपल्या मुलाने हा धंदा करावा असा आग्रह धरू नये. तो सोडणाऱ्याचा निर्णय शंभर टक्के योग्य असू शकतो. पण सोडण्याची मोकळीक आणि हाकलले जाणे यांत फरक आहे. ज्याला हे काम येते, आवडते, पण मजुरी परवडत नाही म्हणून जो ते सोडतो, त्याच्यावर अन्यायच होतो. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याच राजाने या धंद्यालाही उत्तेजन दिले. त्यांच्या लेखी शिक्षण, नोकरी आणि हातातला हुन्नर या एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टी नव्हत्या. मान असेल, कमाई असेल, सुरक्षित साधने असतील, तर हे काम कोणत्याही जातीच्या मुलामुलींना निवडता आले पाहिजे, आणि ज्यांच्या घरात ते आहे त्यांना ते न लाजता ठेवता आले पाहिजे. मांस खरवडण्याचे आणि ठोकण्याचे काम यंत्राने केले तर कला मरत नाही, पाठ वाचते. प्रदूषण न करणारी सामायिक कुंडे सरकारने बांधून दिली तर त्यात वारशाचा अपमान नाही.

राहिला प्रश्न किमतीचा. स्वस्त मालही लोकांना हवा, गरिबाने महागाची चप्पल का घ्यावी, असे व्यापारी विचारतात. बरोबर आहे, रेक्झिनची किंवा प्लॅस्टिकची चप्पल विकायला कोणाची हरकत नाही, फक्त ती ‘कोल्हापुरी’ म्हणून विकू नये. आज मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर आणि ऑनलाइन दुकानांत याच नावाखाली कारखान्यातला कृत्रिम माल मिळतो. त्याच्याशी भावात बरोबरी करायला गेले की खरा कारागीर पातळ तळ लावतो, वादीऐवजी दोरा आणि सोल्युशन वापरतो, चामड्यात काटकसर करतो. ती चप्पल पावसाळ्यापूर्वीच उलते आणि गिऱ्हाईक म्हणते, कोल्हापुरीत आता दम राहिला नाही. खोट्याने खऱ्याला खोटे करायला लावले, हा यातला सर्वांत मोठा तोटा. करांची रचनाही विचार करण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे अठरा. आधीची मर्यादा हजार रुपयांची होती, तेव्हा हा बदल स्वागतार्हच. तरीही कारागिराला चांगला मोबदला देऊन केलेली, जाड तळाची, हातशिलाईची चप्पल या रेषेच्या वर जाते आणि दुकानातल्या किमतीत अठरा टक्क्यांची भर पडते. हातशिलाईच्या प्रमाणित मालासाठी ही रेषा वेगळी ठेवायला हवी.

हे सगळे ज्या वेळी घडते आहे त्याच वेळी युरोपात एक दार उघडले आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली. युरोपीय संघाने आजवर वाइन, चीज, मांस अशा खाद्यपेयांनाच संघपातळीवर भौगोलिक निर्देशांक दिले होते. १ डिसेंबर २०२५ पासून नवा नियम अमलात आला असून काच, माती, लाकूड, कापड, दागिने, चामडे यांच्या हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंनाही तो मिळू शकतो. स्पेनमधल्या आलिकांते शहरातले युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालय हे काम पाहते आणि संघाबाहेरच्या देशांतले उत्पादकही अर्ज करू शकतात. मायदेशात संरक्षण हवे, ते कोल्हापुरीला आहेच. प्राडाबरोबरच्या सह्या झाल्या त्याच्या दहाच दिवस आधी हे दार उघडले. तिथे नोंद झाली तर पॅरिस किंवा मिलानमधल्या दुकानात ‘कोल्हापुरी पद्धतीची’ असे लिहून दुसरीकडे केलेली चप्पल विकणेही अवघड होईल. बिनानावाने आकार उचलण्याला तरीही आळा बसणार नाही, हे मान्य. पण खरी चप्पल खऱ्या नावाने विकणाऱ्याला तिथे पाठबळ मिळेल. आणखी एक अट आहे: वस्तू कशी करतात याचा नेमका तपशील आणि तो पाळला जातो हे तपासण्याची पद्धत दाखवावी लागते. कातडे कुठले, कशात कमावले, कोणी शिवले, कोणी वेणी घातली, हे सगळे कागदावर हवे. म्हणजे पुन्हा नोंदवहीच्या त्याच रिकाम्या दुसऱ्या भागापाशी यावे लागते. महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलांवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, जेणेकरून गिऱ्हाईकाला कारागिराचे नाव-गाव कळावे. पाऊल योग्य दिशेने आहे. मात्र कोडमागे कारागीर नसेल आणि तो फक्त व्यापाऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवत असेल, तर त्याचा उपयोग नाही.

म्हणून दोन्ही महामंडळांकडे मागणी साधी आहे. कोल्हापूरच्या सुभाषनगरात, कापशीत, निपाणीत, अथणीत नोंदणीची शिबिरे लावा. घरी वेणी घालणाऱ्या बायकांची नावे स्वतंत्रपणे अधिकृत वापरकर्ता म्हणून घाला. कमावण्याची निदान काही सामायिक कुंडे आठ जिल्ह्यांत पुन्हा चालू करा. आणि युरोपातला अर्ज लवकर करा. प्राडाबरोबरच्या कराराप्रमाणे कारागिराच्या हातात जोडामागे किती पडते तेही जाहीर करा, कारण तो आकडा गुप्त राहिला तर मोठ्या ग्राहकांशी पुढचे सगळे सौदे अंधारातच होतील. वाचकाकडेही एक मागणे आहे. पुढची कोल्हापुरी घ्याल तेव्हा कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत असा किंवा पुण्याच्या दुकानात, तळ वाकवून पाहा, शिवण वादीची आहे का ते पाहा, कातडे कशात कमावले ते विचारा, कारागिराचे नाव विचारा. दुकानदाराला नाव सांगता आले तर सांगितलेल्या भावात घासाघीस न करता ती घ्या. सांगता आले नाही तर दुसऱ्या दुकानात जा.